पकडून ठेवणारं तेल

देवरूखच्या बाजारपेठेत गिऱ्हाइकाच्या तोंडावर "मला माहीत नाही" असं खणखणीत आवाजात सांगणारं एकच दुकान होतं. बाकी आम्हा दुकानदारांना ते शब्द जिभेवर आणायची चोरी. वस्तू नसली तर "उद्या येतेय", माहिती नसली तर "सगळे हेच नेतात", असं काहीतरी पुढे ढकलून आम्ही वेळ मारून नेतो. तेलवहिनी तसं करत नसत. चष्मा कपाळावर सरकवायच्या, समोरच्याकडे नीट बघायच्या आणि म्हणायच्या, "मला माहीत नाही." हे सांगताना त्यांचा चेहरा असा खुलायचा, की नवख्या माणसाला वाटावं, बाईंना आत्ताच कुणीतरी चांगली बातमी दिलीय. मग म्हणायच्या, "पण परवा या. तोवर विचारून ठेवते."

त्यांचं खरं नाव शालिनी. पण ते फक्त दुकानाच्या परवान्यावर असावं. साऱ्या बाजाराच्या त्या तेलवहिनी. तेल म्हणजे खायचं नव्हे. इंजिनात, गिअरमध्ये, ब्रेकमध्ये, पंपात घालायचं. माझं वह्या-पेनांचं आणि झेरॉक्सचं दुकान त्यांच्या बरोबर समोर. मधे रस्ता, रस्त्यावर रिक्षा, आणि पलीकडे रंगीत डब्यांच्या रांगांपुढे सुती साडीतल्या, खांद्यावर पुसायचं फडकं टाकलेल्या वहिनी. माझ्या गल्ल्यावरून वर मान केली, की हे चित्र दिसायचं.

कुणी येऊन "दोन लिटर ऑइल द्या" म्हणालं, की वहिनींचा हात डब्याकडे जायचा नाही. आधी चौकशी सुरू. गाडी कुठची? माल नेता की माणसं? रोज घाट चढता की सड्यावर, सपाटीलाच फिरवता? न वापरता उभी किती असते? एक मोटारसायकलवाला एकदा वैतागला. "वहिनी, ऑइल हवंय, सोयरीक नाय जुळवायची."

"सोयरीकच आहे," वहिनी म्हणाल्या. "फरक एवढाच, की हिच्यात बिनसलं तर आधी कुणी भांडत नाही. एकदम कायमचं बंद पडतं."

तो हसला आणि मुकाट्यानं गाडीची सगळी कुळकथा सांगू लागला.

माझ्या दुकानातले टिपकागद आताशा कुणी घेत नाही. शाईची पेनं गेली, त्यांच्याबरोबर तेही गेले. पण वहिनींसाठी मी ते मागवत असे. इंजिनातल्या जुन्या तेलाचा एक थेंब त्या टिपकागदावर सोडायच्या आणि कागद दोरीवर वाळत घालायच्या. थेंब कसा पसरतो, मधे काळं किती साचतं, कडेला काय उमटतं, ते गिऱ्हाइकाला दाखवायच्या आणि तेल बदलायचं की नाही ते सांगायच्या. जुने ड्रायव्हर तेल बोटांवर चोळून, हुंगून निवाडा करायचे, त्यावर त्यांचा बिलकूल विश्वास नव्हता. "तुमच्या नाकाला सर्दी, बोटाला माशाचा वास. त्यापेक्षा माझा कागद बरा." त्या रत्नागिरीच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकलेल्या होत्या, आणि हे त्यांनी कधी लपवलं नाही. उलट कुणी "बाईमाणसाला काय कळतंय ऑइलातलं" अशा नजरेनं बघितलं, की पदवीचा उल्लेख हमखास व्हायचा.

दुकान खरं तर त्यांच्या यजमानांचं, अरविंददादांचं. वडिलांनी थाटून दिलेलं. पण दादांचा जीव नमन-खेळ्यांच्या नाचगाण्यांत. मृदंगावर त्यांच्यासारखा हात आमच्या तालुक्यात दुसरा नव्हता. शिमगा जवळ आला, की दुकानाचं कुलूप उघडायचंच नाही. आणि एरवी उघडलं, तरी गिऱ्हाईक समोर ताटकळत उभं आणि दादा ग्रीसच्या रिकाम्या डब्यावर ठेका धरून बसलेले. एके दिवशी वहिनी जेवणाचा डबा घेऊन दुकानात आल्या, हे दृश्य पाहिलं आणि म्हणाल्या, "उठा. तुम्ही घरी जा आणि भात टाका." दादा उठले, ते पुन्हा गल्ल्यावर बसले नाहीत. घरचा स्वयंपाक त्यांनी आनंदानं अंगावर घेतला. त्यांच्या हातची फणसाची भाजी मी खाल्लीय. त्या दिवशी वहिनींनी दुकानाचंच नव्हे, घराचंही भलं केलं, असं माझी बायको अजून म्हणते.

"माहीत नाही" मात्र त्या पहिल्या दिवसापासून म्हणत नव्हत्या. ते कसं आलं, हे त्यांनीच मला सांगितलं होतं. दुकानात बसायला लागून थोडेच महिने झालेले. साखरप्याकडचा एक बागायतदार आंब्याच्या कलमांवर फवारणी करायच्या पंपासाठी तेल मागायला आला. कुठलं घालायचं हे वहिनींना ठाऊक नव्हतं. पण आजूबाजूला चार पुरुष उभे. "नाही" म्हटलं तर हसतील म्हणून त्यांनी अंदाजानं एक डबा काढून दिला. ऐन मोहराच्या दिवसांत त्याचा पंप जाम झाला. फवारणी राहिली आणि तुडतुड्यानं मोहर काळा पडला. तो माणूस भांडायला आला नाही. पुढे दर बाजाराला दुकानावरून जाताना तो मान लववून नमस्कार करायचा आणि पलीकडच्या दुकानात जायचा. "शिव्या घातल्या असत्या ना भाऊजी, तर मी विसरून गेले असते," वहिनी म्हणाल्या. "नमस्कार विसरता येत नाही."

अशा या तेलवहिनींच्या दुकानात माझा मावसभाऊ प्रकाश एका श्रावणातल्या दुपारी सुपरचार्जरचं तेल मागायला गेला.

प्रकाशचं थोडं सांगायला हवं. आमच्याकडची निम्मी माणसं मुंबईत असतात, तसा तोही बरीच वर्षं तिथं एका गॅरेजात होता. मालकानं गॅरेज बंद केलं. प्रकाश बायकोला, सुजाताला, घेऊन गावी आला आणि संगमेश्वर रस्त्याला एक शेड भाड्यानं घेऊन स्वतःचं गॅरेज सुरू केलं. हात चांगला होता, पण गावात त्याला कोण ओळखणार? पंक्चर आणि ब्रेकच्या वायरी, यापलीकडे काम येईना. त्याचे वडील, दत्तूकाका, वाडीवर भातशेती करणारे. ते आठवड्यातून एकदा खाली यायचे, शेडच्या दारात उभे राहायचे आणि म्हणायचे, "मुंबैची नोकरी गेली ती गेली. हितं माशा मारून काय व्हनार हाय?" प्रकाश हातातलं पंक्चर काढत राहायचा. सुजाता चहा करायला आत जायची.

तेव्हा प्रकाशनं एक घाट घातला. त्याच्याकडे जुनी पेट्रोल जीप होती. पावसाळ्यात चिखलातून, ओढ्यातून, उभ्या चढावरून जीप चालवायच्या स्पर्धा आपल्याकडे होऊ लागल्यात. तशी एक स्पर्धा जवळच व्हायची होती. तिच्यात जीप पळवायची, जिंकायचं, म्हणजे गॅरेजचं नाव होईल. त्यासाठी त्यानं मुंबईच्या एका हौशी माणसाकडून जुना सुपरचार्जर मिळवला. सुपरचार्जर म्हणजे इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा एक जबरदस्त पंखा. इंजिन आपल्या दमानं जेवढी हवा ओढतं, त्याहून जास्त हवा तो आत कोंबतो. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त जाळता येतं, म्हणून ताकद जास्त. जीपबरोबर न आलेला, बाहेरून आणून बसवलेला असा तो भाग. त्याला स्वतःची तेलाची छोटी टाकी, स्वतःच्या नळ्या. सगळं प्रकाशनं देखणं बसवलं होतं. फक्त टाकीत कुठलं तेल घालायचं, हे सांगणारं त्याच्याबरोबर काहीच आलं नव्हतं.

"मला माहीत नाही," वहिनी म्हणाल्या.

"वहिनी, एवढं काय नाय त्यात," प्रकाश म्हणाला. "पातळ, भारीतलं सिंथेटिक द्या. मुंबैला सगळे तेच घालतात."

"सगळे म्हणजे कोण?"

"आमच्या ग्रुपवरचे."

"त्यांच्यापैकी कुणी हाच सुपरचार्जर उघडून आत बघितलाय?"

प्रकाशनं डोकं खाजवलं. "उघडून कोण बघतो?"

"मग मला तरी बघू दे. निदान बाहेरून."

संध्याकाळी दुकान बंद करून त्या माझ्याबरोबर शेडवर आल्या. सुपरचार्जरवरची धातूची पट्टी घासून पार गुळगुळीत झाली होती. वहिनींनी ती फडक्यानं पुसली, वरून खडू फिरवला, तेव्हा काही अक्षरं आणि आकडे पांढरे होऊन वर आले. मी मोबाइलवर फोटो काढला आणि दुकानातल्या कॉम्प्युटरवर मोठा करून दिला. माझ्या वाट्याला एवढंच काम. बाकी सगळं वहिनींनी फोनवर केलं. त्यांची एक वर्गमैत्रीण नवी मुंबईत एका ऑइल कारखान्याच्या प्रयोगशाळेत होती. तिनं आणखी कुणाचा नंबर दिला, त्यानं बंगळुरूच्या एका इंजिनिअरचा. तो असे सुपरचार्जर बसवून देण्याचंच काम करणारा. तो परगावी गेला होता, परत आला की फोन करतो म्हणाला. वहिनी वाट बघू लागल्या.

प्रकाशला वाट बघवेना. स्पर्धा जवळ आली होती. एकदा तो दुकानाशी येऊन चिडून म्हणाला, "तुम्हाला इकायचं नाय म्हणून सांगा ना सरळ."

"विकायला माझं काय जातंय? डबा समोर आहे," वहिनी शांतपणे म्हणाल्या. "पण तू तो घेऊन गेलास की मला घास गिळणार नाही."

तो तरातरा निघून गेला.

बंगळुरूचा फोन आला तो नेमका बाजाराच्या दिवशी, सकाळच्या गर्दीत. वहिनींच्या दुकानापुढे माणसं दाटलेली. त्यांनी सगळ्यांना हातानं थांबवलं आणि एका कानात बोट घालून ऐकू लागल्या. त्यांचं हिंदी-इंग्रजी मला रस्त्यापलीकडून ऐकू येत होतं. "गिअर नहीं है? बिलकुल नहीं है? तो फिर घूमता कैसे है?" मग एकदम ओरडल्या, "अय्या!"

फोन ठेवून त्या रस्ता ओलांडून माझ्याकडे धावत आल्या. साठीच्या घरातली बाई, पण शाळेतल्या मुलीसारखा चेहरा. "भाऊजी, अहो, तेल पकडून ठेवतं!"

मला काही कळलं नाही. त्यांनी माझे दोन खोडरबर उचलले, एकावर एक दाबून धरले. त्या सुपरचार्जरमध्ये म्हणे दातेरी चाकं नसतातच. गुळगुळीत रोलर एकमेकांवर दाबून बसवलेले असतात. एक फिरला की दुसरा फिरतो, तो मधल्या तेलाच्या पातळ थरामुळे. दाबाखाली ते तेल क्षणभर घट्ट होतं आणि पकड देतं. दाब सरला की पुन्हा पातळ. "जन्मभर लोकांना सांगत आले, तेलाचं काम घसरवायचं. आणि हे तेल घसरू देत नाही! साधं तेल घातलं तर, ते कितीही भारी असू दे, रोलर जागच्या जागी घसरतील आणि खरडून निघतील. माझ्या दुकानातला एकही डबा त्याला चालणार नाही, भाऊजी. एकही!" दुकानदाराला याचा इतका आनंद झालेला मी पहिल्यांदाच बघत होतो.

मग त्यांचा चेहरा एकदम बदलला. "प्रकाश काय करतोय आज?"

मी फोन लावला. उचलला नाही. सुजाताला लावला. ती म्हणाली, "भावोजी, ते जीप चालू करतायत. काल दुसरीकडून तेल आणलंय त्यांनी."

बाजाराच्या दिवशी, गिऱ्हाइकं उभी असताना, वहिनींनी शटर खाली ओढलं. कुणीतरी म्हणालं, "वहिनी, माझं ग्रीस?" "आल्यावर," एवढंच म्हणून त्या माझ्या स्कूटरवर मागे बसल्या. "हळू चालवू नका," असं मला आयुष्यात फक्त त्यांनीच सांगितलंय.

आम्ही पोचलो तेव्हा प्रकाश जीपमध्ये बसला होता, चावीला हात. दारात दत्तूकाका उभे. वहिनी स्कूटर थांबायच्या आत उतरल्या आणि सरळ जीपच्या पुढ्यात जाऊन बॉनेटवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"चावी काढ."

"वहिनी, तेल ओतून झालंय."

"ओतलंयस. फिरवलंस का?"

"नाय अजून."

वहिनी शेजारच्या टायरवर मटकन बसल्या आणि हसायलाच लागल्या. सुजातानं पाणी आणून दिलं. मग त्यांनी प्रकाशला सगळं समजावून सांगितलं. खोडरबर येताना मुठीतच राहिले होते, तेही दाखवले. प्रकाश ऐकत गेला, तसा त्याचा चेहरा उतरत गेला. ते खास तेल फक्त बंगळुरूला. पाऊस असा, की पार्सल कधी येईल याचा भरवसा नाही. आणि आता टाकी, नळ्या, सगळं उतरवून साफ करायला हवं, कारण दुसऱ्या तेलाचा अंशही त्याच्यात राहून चालणार नव्हता. स्पर्धा हातची गेली होती.

"फिटली का हौस?" दत्तूकाका दारातून म्हणाले.

प्रकाशनं हातातला पाना जमिनीवर फेकला. वहिनी उठल्या. त्या काकांना काही बोलतील असं मला वाटलं. पण त्या प्रकाशशीच बोलल्या. "हे बघ, आज सकाळपर्यंत मलाही ठाऊक नव्हतं. अंदाजच करायचा असता, तर मीही हेच घाल म्हटलं असतं. तू चुकलास ते तेलात नव्हे. घाईत. ती मीही करून बसलेय." आणि त्यांनी त्याला तो मोहराच्या दिवसांतला पंप सांगितला. काकांसमोर, सुजातासमोर, सगळा. गोष्ट संपल्यावर त्यानं पाना उचलला.

दुपारभर आम्ही ते तेल काढत होतो. प्रकाश रॉकेलनं धुवायला निघाला, तेव्हा वहिनींनी त्याचा हात धरला. "त्यातलं रॉकेल काढायला मग काय आणशील? नळ्या उलट्या टांगून निथळू दे. बाकीचं त्याच नव्या तेलानं धुवायचं, असं त्या माणसानं सांगितलंय. एक डबा जास्तच मागवलाय मी." त्यांच्या साडीवर त्या दिवशी पडलेला डाग पुढे कधी गेला नाही.

स्पर्धेचं काय करायचं, हा प्रश्न होताच. प्रकाश म्हणाला, "नाय जात. सगळ्यांना सांगून ठेवलंय मी सुपरचार्जरचं. हसतील लोक."

"पट्टा काढ, त्याची नळी काढ, जुना हवेचा फिल्टर लाव आणि जा," वहिनी म्हणाल्या. "तुझी जीप काय सुपरचार्जरच्या आधी चालत नव्हती?"

तो गेला. मीही गेलो होतो. चिखलाचा टप्पा त्यानं सुरेख काढला, ओढाही काढला. शेवटच्या उभ्या चढावर मात्र इंजिनाचा दम संपला. दोनदा अर्ध्यावरून मागे घसरला, तिसऱ्यांदा पंचांनी थांबवलं. बक्षिसाच्या आसपासही तो नव्हता. चहाच्या तंबूत एका खेडच्या जीपवाल्यानं, मुनाफभाईंनी, त्याला विचारलं, "सुपरचार्जर बसवलायस आणि पट्टा का काढलास?" प्रकाशला काहीही सांगता आलं असतं. पट्टा तुटला, पार्ट आला नाही. तो म्हणाला, "तेल कुठचं ते कळायला उशीर झाला. चुकीचं घालून पळवायचा नव्हता."

मुनाफभाईंनी चहा संपवला आणि ते गेले. पुढच्याच आठवड्यात त्यांची जीप खेडहून देवरूखला, प्रकाशच्या शेडवर आली. इतक्या लांब का आणलीत, असं सुजातानं विचारलं, तर म्हणाले, "स्पर्धा हरतो पण चुकीचं तेल घालत नाही, अशा माणसाकडे गाडी ठेवून मी घरी झोपू शकतो, बेटी." त्यांच्या मागून त्यांचे मित्र आले. जे नाव प्रकाश बक्षिसानं मिळवायला निघाला होता, ते असं मिळालं.

बंगळुरूचं पार्सल आलं, तेव्हा पाऊस ओसरला होता. वहिनी शेडवर हजर. आधी थोडं तेल घालून, फिरवून, काढून टाकलं. मग पुन्हा भरलं. टाकीवरच्या खुणेच्या वर एक थेंबही त्यांनी जाऊ दिला नाही. "कमी वाईट, तसं जास्तही वाईट." रस्त्यावर न्यायची तर आरटीओचे कागद आधी कर, असंही बजावलं. म्हणून पहिली फेरी वाडीवरच्या काकांच्या काजूच्या बागेतून, खासगी वाटेनं काढायची ठरली. ती वाट तांबड्या कातळाची आणि अशी उभी, की माणूस चढतानाही गुडघ्यावर हात ठेवतो. पुढे वहिनी बसल्या. मागे मी, आणि खताच्या गोणींवर दत्तूकाका. ते येणार नव्हते, पण गोणी वर न्यायच्याच होत्या.

चढ लागला आणि प्रकाशनं पाय दाबला. इंजिनाच्या आवाजात एक बारीक, भुंग्यासारखा सूर मिसळला आणि तो चढत गेला. जीप थांबलीच नाही. काजूची झाडं दोन्ही बाजूंनी खाली खाली जात राहिली. वहिनींनी समोरची दांडी दोन्ही हातांनी धरली होती आणि मान पुढे काढून त्या तो सूर ऐकत होत्या. माथ्यावर पोचल्यावरही प्रकाशनं इंजिन चालूच ठेवलं. शेवटी दत्तूकाका गोणीवरून म्हणाले, "बंद कर आता. पेट्रोल काय फुकट येता?"

पण उतरल्यावर ते जीपभोवती एक फेरी मारून आले, बॉनेटवर थोपटलं आणि प्रकाशला म्हणाले, "भात कापून झाला की भारे न्यायला आन." प्रकाशनं मान डोलावली आणि उगाचच टायर बघायला खाली वाकला. सुजाताला हे मी संध्याकाळी सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "आणखी एकदा सांगा."

त्यानंतर सुजाता वहिनींच्या दुकानात जाऊ लागली. बारावी सायन्स झालेली, पुढे शिकायचं राहून गेलेलं. आधी नुसती बसायची. मग टिपकागद तिच्या हातात आले. दोघी मिळून डब्यांवरची बारीक अक्षरं वाचायच्या, कुणाला तरी फोन लावायच्या, हसायच्या. वहिनींच्या मुलाला पुण्यात जुळी मुलं झाली, तेव्हा दादा म्हणाले, आपण तिकडे जायचं. नातवंडांना ताल कोण शिकवणार? वहिनींनी फार विचार केला नाही. दुकान सुजातानं चालवायला घेतलं.

निरोपाचा समारंभ नको, असं वहिनींनी आधीच सांगितलं होतं. जायच्या दिवशी त्यांनी सकाळपासून फळ्या पुसल्या, डबे पुन्हा लावले, आणि कुठला डबा हाताशी हवा यावरून सुजाताशी वाद घातला. सुजातानं ऐकलं नाही. वहिनी बाहेर येऊन मला म्हणाल्या, "ऐकत नाही हो माझं. आता मी निर्धास्त जाते." रडले ते दादा. रिक्षात बसल्यावर मृदंग मांडीवर घेऊन त्यांनी डोळे पुसले, आणि वहिनींनी खांद्यावरचं ते तेलकट फडकं त्यांच्यापुढे धरलं, तसे रडतारडता हसले.

त्यानंतर फोन व्हायचे. जुळ्यांचं दात येणं, पुण्याचं पाणी, दादांची भाजी तिकडच्या शेजाऱ्यांना कशी आवडली, असं सगळं. मध्यंतरी काही महिने फोन कमी झाले. विचारलं तर, "जरा कामात आहे," एवढंच.

गेल्या माघात एका दुपारी माझ्या दुकानासमोर एक छोटी पांढरी गाडी येऊन थांबली. थांबली म्हणजे आचका देऊन बंद पडली. शेजारच्या सीटवरून त्यांचा मुलगा उतरला, चेहरा पांढराफटक. मागून दादा उतरले, ओठांत काहीतरी पुटपुटत. आणि ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडून वहिनी उतरल्या. सगळं आयुष्य गाड्यांना तेल देण्यात गेलं, पण स्वतः कधी चाकाला हात लावला नव्हता. पुण्यात क्लास लावून त्या गाडी शिकल्या होत्या आणि कोल्हापूरहून पुढे, अख्खा आंबा घाट उतरून, गाडी त्यांनीच आणली होती.

बाजार गोळा झाला. सुजाता दुकानातून धावत आली, प्रकाशला कुणीतरी फोन केला, तोही आला. त्यानं गाडीकडे बघितलं, वहिनींकडे बघितलं.

"वहिनी, घाटात काय झाला नाय ना?"

"झालं की. मधल्या वळणावर बंद पडली. मागे ही रांग. सगळे हॉर्न मारतायत."

"मग?"

"मग काय," वहिनी म्हणाल्या. "काच खाली केली, मागच्या ट्रकवाल्याला म्हटलं, शिकतेय रे बाबा, थांब जरा. तो थांबला."